एकच डॉक्टर, पुष्कळ वर्षे



  आजचा विषय मीच मागून घेतला: आपल्या वस्तीतला दवाखाना आणि तिथे बसणारे डॉक्टर. मी स्वतः डॉक्टर नाही. सार्वजनिक आरोग्य हा माझ्या अभ्यासाचा विषय आणि रायपूर हे माझे गाव. या दोन्ही नात्यांनी एक गोष्ट ठासून सांगायची आहे. आपल्याला वर्षानुवर्षे ओळखणारा एक डॉक्टर असणे, यात जुन्या काळाबद्दलचा हळवेपणा काही नाही. त्याने माणसे जगतात. याला पुरावा आहे, आणि तरीही हा आधार आपण आपल्याच हाताने सोडत चाललो आहोत.

पाट्या वाढल्या, पहिला प्रश्न कोणाला विचारायचा?

समता कॉलोनी, चौबे कॉलोनी, रामकुंड हा सारा भाग आपल्या पायाखालचा आहे. अग्रसेन चौकातून कोणत्याही दिशेने निघा. हाडांचे, हृदयाचे, डोळ्यांचे, लहान मुलांचे डॉक्टर पाटीवर भेटतात. रायपूरला डॉक्टरांची वानवा होती तो काळ फार जुना नाही. इथले वैद्यकीय महाविद्यालय १९६३ सालचे. त्याआधी डॉक्टर व्हायचे तर आपल्याकडच्या मुलांना बाहेरगाव, पुष्कळदा नागपूर, गाठावे लागे. १९५६ पर्यंत आपली राजधानीही नागपूरच होती. आज मेकाहारा, म्हणजे त्या महाविद्यालयाचे रुग्णालय आहे, टाटीबंधला २०१२ पासून एम्स आहे. दाऊ कल्याणसिंह यांच्या नावाच्या ज्या रुग्णालयाच्या इमारतीत २००० साली नव्या राज्याचे मंत्रालय बसले होते, तिथे २०१८ मध्ये सुपरस्पेशालिटी रुग्णालय उभे राहिले. ज्या ऑपरेशनसाठी आपले वडीलधारे नागपूरला नाहीतर मुंबईला जात, ते आता रिक्षाच्या अंतरावर होते. ही प्रगती खरी आहे आणि तिचा मला अभिमान आहे.

पण सत्तरीच्या एखाद्या आजींना चक्कर येऊ लागली की काय होते पाहा. मुलगा कानाच्या डॉक्टरांकडे नेतो, सून मेंदूच्या डॉक्टरांचे नाव काढते, शेजारी हृदयाचा दवाखाना सुचवतात. महिन्याभरात तीन फायली होतात. प्रत्येक डॉक्टर आपल्या विषयापुरते बरोबरच लिहितो. पण दुसऱ्याने लिहिलेले थांबवण्याचा अधिकार आपला आहे असे कोणालाच वाटत नाही. शेवटी आजींच्या डब्यात नऊ गोळ्या जमतात आणि त्यांत रक्तदाबाचे एकच औषध दोन कंपन्यांच्या नावांनी असते. दाब नको इतका उतरतो, म्हणून उठताना चक्कर येते. तीन तज्ज्ञांच्या तीन चांगल्या सल्ल्यांतून एक दुखणे तयार होते. ते ओळखायला मोठे यंत्र लागत नाही. सगळ्या गोळ्या टेबलावर ओतून, एकेक पाकीट उलटून वाचणारा आणि ‘ही आजपासून बंद’ असे म्हणण्याची जबाबदारी घेणारा माणूस लागतो. तो माणूस म्हणजे जनरल प्रॅक्टिशनर. आपल्या गल्लीत सर्वांत कमी होत चाललेली पाटी त्याचीच आहे.

नागपूरचे एल.एम.पी.

या पाटीला आपल्या भागात मोठी परंपरा आहे. डॉ. खूबचंद बघेल यांचे नाव सरकारी आरोग्य योजनेला दिले गेले आणि घरोघरी पोचले. १९०० साली जन्मलेले, पथरी गावचे हे डॉक्टर नागपूरच्या रॉबर्टसन मेडिकल स्कूलमध्ये शिकले आणि एल.एम.पी. झाले. पुढे स्वातंत्र्याच्या चळवळीसाठी त्यांनी नोकरी सोडली, अस्पृश्यतेविरुद्ध नाटके लिहिली आणि १९६७ मध्ये छत्तीसगड भ्रातृसंघ स्थापन केला. राजकारणातले बघेल आपल्याला ठाऊक असतात. ते कोणत्या प्रकारचे डॉक्टर होते याकडे मात्र लक्ष जात नाही.

एल.एम.पी. म्हणजे लायसेन्शिएट. एम.बी.बी.एस.पेक्षा कमी मुदतीचा हा अभ्यासक्रम. नागपूरच्या त्या शाळेतून बाहेर पडलेले डॉक्टर वऱ्हाडापासून छत्तीसगडपर्यंत तालुक्या-तालुक्यांत जाऊन बसले. बाळंतपण, विषमज्वर, साप चावलेला शेतकरी, कॉलऱ्याची साथ, सारे त्यांच्याच दारात येई. १९४६ साली भोर समितीचा अहवाल आला तेव्हा देशातल्या सुमारे ४७ हजार नोंदणीकृत डॉक्टरांपैकी जवळजवळ ३० हजार लायसेन्शिएट होते. समितीने ठरवले की यापुढे एकाच दर्जाचा डॉक्टर असावा. लायसेन्शिएट अभ्यासक्रम बंद करावेत. काही सदस्यांनी वेगळे मत नोंदवले की डॉक्टरांची एवढी टंचाई असताना हे दार लावू नये. दार लागले. गावात बसणारा डॉक्टर कमी पडत गेला, आणि शहरातल्या महाविद्यालयांतून निघणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याची नजर पुढच्या पदवीकडे लागली.

आता आपल्याच राज्याची गोष्ट. छत्तीसगड झाल्यावर २००१ मध्ये इथे तीन वर्षांचा वैद्यकीय अभ्यासक्रम सुरू झाला. विरोध झाला, खटले झाले, नावे बदलली आणि काही वर्षांत तो बंद पडला. पण त्यातून बाहेर पडलेली मुले-मुली ग्रामीण वैद्यकीय सहायक म्हणून प्राथमिक आरोग्य केंद्रांत गेली. त्यांच्या कामाची पाहणी झाली आणि २०१० मध्ये तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. नेहमीच्या आजारांच्या बाबतीत हे सहायक एम.बी.बी.एस. वैद्यकीय अधिकाऱ्यांच्या तोडीचे ठरले. यावरून पदव्यांची लांबी छाटा असे मी म्हणणार नाही. मला त्यातून वेगळा बोध होतो. नेहमीच्या दुखण्यांची नीट काळजी घेणे हे स्वतंत्र कौशल्य आहे. ते मुद्दाम शिकवले तर येते; न शिकवता मोठ्या पदवीसोबत आपोआप येत नाही.

दवाखान्याच्या आत

हे कौशल्य कसे दिसते ते जवळून पाहू. जुलै-ऑगस्टचे दिवस, बाकावर दाटीवाटीने बसलेली माणसे. रामकुंडातून कामाला येणारी एक बाई नंबर लावून बसली आहे. तिला कालपासून ताप आहे, अंग ठणकते आहे. पहिल्या दिवशी डेंग्यू, टायफॉइड, मलेरिया आणि साधा विषाणूचा ताप यांचे चेहरे जवळपास सारखेच असतात. घाबरलेला डॉक्टर पहिल्याच दिवशी पाच तपासण्या आणि दोन अँटिबायोटिके लिहितो. जाणता डॉक्टर घसा, पोट, कातडी, नाडी पाहतो, पॅरासिटामॉल आणि भरपूर पाणी सांगतो आणि म्हणतो, ‘परवा सकाळी या. मध्येच पोटात जोराचे दुखले, उलट्या थांबेनात, लघवी कमी झाली, हिरड्यांतून रक्त आले, तर परवाची वाट पाहू नका.’ आणखी एक गोष्ट तो बजावतो: ताप उतरला म्हणून बेफिकीर राहू नका. डेंग्यूत खरा धोका ताप उतरू लागतो तेव्हाच असतो, हे त्याला माहीत आहे. या डॉक्टरने वेळेचाच तपासणीसारखा उपयोग केला. पण तो उपयोग तेव्हाच होतो, जेव्हा परवा ती बाई त्याच्याकडेच परत येणार असते. दर वेळी डॉक्टर बदलला तर प्रत्येकासाठी तो तापाचा पहिलाच दिवस ठरतो.

रक्तदाबाचे उदाहरण घ्या. जिना चढून आलेल्या माणसाला बसवले, बोलता बोलता शर्टाच्या बाहीवर पट्टा गुंडाळला आणि आकडा लिहिला, की दाब खोटाच वाढलेला दिसतो. पाच मिनिटे शांत बसवायचे, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, हात हृदयाच्या पातळीला, पट्टा उघड्या दंडावर, दोनदा मोजायचे. एवढे करणारा डॉक्टर एखाद्याची जन्माची अनावश्यक गोळी वाचवतो. मग तो विचारतो, ‘गोळी रोज घेता ना?’ उत्तर येते, ‘संपली तेव्हापासून घेतली नाही, पण बरं वाटतंय.’ इथे डॉक्टर रागावला तर पेशंट पुढच्या वेळी खोटे बोलेल. ओळखीचा डॉक्टर रागावत नाही, कारण या घरी नुकतेच लग्न झाले आहे आणि हात आखडला आहे हे तो जाणतो. तो स्वस्त जेनेरिक गोळी लिहून देतो. दुखणे अंगावर काढण्याची आपली सवय उपदेशाने मोडत नाही; ती अशा ओळखीने मोडते.

तिसरे उदाहरण आपल्या मातीचे. सिकलसेल हा आजार विदर्भाला आणि छत्तीसगडला सारखाच ग्रासतो. तळहात-तळपाय सुजून रडणारे बाळ, पुन्हा पुन्हा फिकट पडणारे मूल, डोळ्यांत पिवळेपणा. घरचे त्याला पिलिया, म्हणजे कावीळ, समजून झाडफूक करून आणतात. सावध डॉक्टर रक्ताची साधी चाळणी करतो, मग इलेक्ट्रोफोरेसिसला पाठवतो. निदान झाले की फॉलिक अॅसिड, लसी, भरपूर पाणी, गरजेप्रमाणे हायड्रॉक्सियुरिया, आणि ताप आला तर उशीर न करण्याची ताकीद. मग तो एक पाऊल पुढे जातो: ‘हिच्या बहिणीलाही घेऊन या. आई-वडील दोघांचीही तपासणी करू.’ आजार रक्तातून वारशाने येतो, म्हणून त्याच्या डोळ्यांसमोर अख्खे घर असते. १ जुलै २०२३ रोजी शहडोलहून देशाचे सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झाले आणि २०४७ ची मुदत ठरली. हे उद्दिष्ट गाठायचे असेल तर त्याची पहिली पायरी वस्तीतल्या दवाखान्याचीच आहे.

पुरावा काय सांगतो

‘डॉक्टरांच्या हाताला गुण आहे’ असे आपण म्हणतो. शास्त्राने या गुणाचे मोजमाप घेतले आहे.

ज्युलियन ट्यूडर हार्ट हे वेल्समधल्या ग्लिनकॉरुग या खाणकामगारांच्या गावातले साधे जनरल प्रॅक्टिशनर. ज्यांना उपचाराची गरज सर्वांत जास्त त्यांना तो सर्वांत कमी मिळतो, हा ‘उलट्या न्याया’चा नियम त्यांनी १९७१ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये मांडला आणि तो जगभर गाजला. पण मला त्यांचे दुसरे काम अधिक मोलाचे वाटते. त्यांनी गावातल्या प्रत्येक प्रौढ माणसाचा रक्तदाब मोजायचा चंग बांधला. जे दवाखान्यात येत नव्हते त्यांच्या मागे लागून मोजला, आणि वर्षानुवर्षे पाठपुरावा केला. २५ वर्षांनी हिशेब मांडला तेव्हा शेजारच्या तशाच गरीब गावाच्या तुलनेत त्यांच्या गावात ६५ वर्षांच्या आतले मृत्यू एक चतुर्थांशाहून अधिक कमी होते. नवी औषधे दोन्ही गावांना मिळत होती. फरक होता तो चिकाटीचा.

दुसरा पुरावा नॉर्वेचा. तिथे २००१ पासून प्रत्येक नागरिकाच्या नावावर एक ठरलेला डॉक्टर असतो. सुमारे ४५ लाख लोकांच्या नोंदी तपासून संशोधकांनी पाहिले, की एकाच डॉक्टरशी जोडलेल्या वर्षांचा काय परिणाम होतो. ज्यांचे नाते एक वर्षाचेच होते त्यांच्या तुलनेत १५ वर्षांहून अधिक काळ एकाच डॉक्टरकडे असलेल्यांना रात्री-अपरात्री तातडीच्या सेवेची गरज ३० टक्क्यांनी कमी लागली, तातडीने रुग्णालयात भरती होण्याचे प्रमाण २८ टक्क्यांनी कमी होते आणि मृत्यूचे प्रमाण २५ टक्क्यांनी कमी. एखाद्या नव्या गोळीने असा परिणाम दाखवला असता तर तिची जाहिरात प्रत्येक चौकात लागली असती. २०१८ मध्ये वेगवेगळ्या देशांतल्या २२ अभ्यासांचा एकत्र आढावा प्रसिद्ध झाला. त्यांतल्या १८ अभ्यासांत डॉक्टरशी नाते टिकले तिथे मृत्यू कमी आढळले.

आपल्याकडे २०२१ च्या एप्रिलमध्ये कोविडमुळे रायपूर बंद होते, ऑक्सिजनचा बेड मिळेना, तेव्हा हेच घडले. कोण घरी राहू शकतो आणि कोणाला आत्ताच हलवायला हवे, हे ऑक्सिमीटरचा आकडा फोनवर विचारून सांगणारे डॉक्टर बहुधा वस्तीतले होते. पेशंटला दमा आहे, साखर आहे, घरात एकटा आहे, हे त्यांना विचारावे लागत नव्हते. कोविडच्या पहिल्या दोन लाटांत देशभर शेकडो डॉक्टर गेले. त्यांत दवाखाना उघडा ठेवलेले असे कितीतरी साधे डॉक्टर होते. त्यांना मी इथून नमस्कार करतो.

पैसा कोणत्या वाटेने वाहतो

इतके सारे असूनही जनरल प्रॅक्टिशनरची पाटी का कमी होते? मुख्य कारण पैशाचे आहे. २०१८ च्या सप्टेंबरमध्ये आयुष्मान भारत विमा आला. कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचे रुग्णालयातले उपचार. आपल्या राज्यात १ जानेवारी २०२० पासून डॉ. खूबचंद बघेल यांच्या नावाने योजना आली. या योजनांमुळे अनेक घरे कर्जातून वाचली. पण विमा मिळतो तो भरती झाल्यावर. ज्या डॉक्टरने दहा वर्षे साखर ताब्यात ठेवून पाय कापण्याची वेळच येऊ दिली नाही, त्याच्या त्या कामाला योजनेच्या कागदावर रकाना नाही. त्याची फी आणि रोजच्या गोळ्या पेशंटने खिशातून भरायच्या. २०२१-२२ च्या राष्ट्रीय हिशेबाप्रमाणे आरोग्यावरच्या एकूण खर्चापैकी सुमारे ३९ टक्के खर्च लोक स्वतःच्या खिशातून करत होते. जो उपचार रुग्णालय टाळतो त्यालाच पैसा नसेल, तर हुशार मुलगी जनरल प्रॅक्टिस का निवडेल?

आयुष्मान भारतची दुसरी बाजू आपल्या राज्यातून सुरू झाली, हे विसरू नये. देशातले पहिले आरोग्य व निरामय केंद्र १४ एप्रिल २०१८ रोजी बिजापूर जिल्ह्यातल्या जांगला गावी उघडले. विचार योग्य होता: घराजवळ तपासणी, रक्तदाब-साखरेची औषधे, नोंदी. केंद्रे वाढली आहेत. पण केंद्राचे खरे बळ इमारतीत नसते. ते तिथला माणूस बदलू न देण्यात असते.

दवाखान्यांचेही काही चुकते, आणि ते स्पष्ट सांगायला हवे. साध्या सर्दीला अँटिबायोटिक, अशक्तपणाला सलाईनची बाटली, अंगदुखीला स्टेरॉइड, तपासणीच्या चिठ्ठीवर कमिशन. या गोष्टी घडतात आणि त्यांनी माणसांचे नुकसान होते. यात आपला वाटाही मोठा आहे. ‘सुई लावा, लवकर बरं करा’ असे आपणच म्हणतो. नुसता सल्ला दिला तर ‘काहीच दिलं नाही’ म्हणून फी द्यायला कुरकुरतो. विचारपूर्वक काही न देणाऱ्या डॉक्टरला जिथे मोबदला मिळत नाही, तिथे बाटल्या चढणारच.

ज्यांनी करून दाखवले

आपल्यासमोर उदाहरणे आहेत. नागपूरला शिकलेले डॉ. रवींद्र कोल्हे मेळघाटातल्या बैरागडला गेले. जाण्याआधी त्यांच्यापुढे प्रश्न होता, जिथे सोनोग्राफी नाही, रक्त नाही, एक्स-रे नाही, तिथे डॉक्टरला काय यायला हवे? बाळंतपण करता यायला हवे, न्यूमोनिया कानाने आणि डोळ्याने ओळखता यायला हवा, जुलाबाने मरणारे मूल वाचवता यायला हवे. ते त्यांनी मुद्दाम शिकून घेतले. डॉ. स्मिता कोल्हे यांच्यासह त्यांनी तिथे आयुष्य घातले. फी पहिल्या खेपेला २ रुपये, पुढे १ रुपया. २०१९ मध्ये दोघांना पद्मश्री मिळाली. आपल्या दंतेवाड्यात, बारसूरला, साताऱ्याकडचे डॉ. रामचंद्र गोडबोले आणि सुनीता गोडबोले १९९० पासून राहिले. बिलासपूरजवळ गनियारीला दिल्लीच्या एम्समध्ये शिकलेल्या डॉक्टरांनी जन स्वास्थ्य सहयोग उभा केला आणि गावातल्या बायकांना आरोग्यसेविका म्हणून तयार केले.

या माणसांच्या त्यागापुढे आपण हात जोडतो आणि घरी जातो. मला ते पुरेसे वाटत नाही. समता कॉलोनीतल्या डॉक्टरकडून संन्यासाची अपेक्षा करू नये. त्याला मुलांच्या फिया भरायच्या आहेत, दवाखान्याचे भाडे द्यायचे आहे. त्या मंडळींकडून घ्यायचे ते दोन गुण: जागा न सोडणे, आणि ज्या कामाची तिथे गरज आहे ते नेमके शिकून घेणे. हे दोन्ही पगार घेऊन, सन्मानाने करता यावे अशी व्यवस्था आपण उभारली पाहिजे.

आता काय करायचे

महाविद्यालयांनी हा विषय मुख्य दारातून आत आणावा. रायपूरच्या एम्समध्ये सामुदायिक व कौटुंबिक वैद्यकाचा विभाग आहे. २०२२ पासून एम.बी.बी.एस.च्या विद्यार्थ्यांनी काही कुटुंबे दत्तक घेऊन त्यांच्याकडे जात राहायचे असा नियम आला आहे. तो हजेरीपुरता उरू नये. प्रत्येक विद्यार्थ्याने काही महिने वस्तीतल्या चांगल्या दवाखान्यात, अनुभवी डॉक्टरच्या शेजारच्या खुर्चीवर बसून शिकावे, आणि त्या डॉक्टरला शिक्षक म्हणून मान आणि मानधन मिळावे.

सरकारने विम्यात बाह्यरुग्ण उपचार आणावेत. निदान रक्तदाब, मधुमेह, दमा आणि सिकलसेल यांच्यासाठी. प्रत्येकाने ठरलेल्या डॉक्टरकडे नाव नोंदवावे आणि त्या डॉक्टरला माणशी वार्षिक रक्कम मिळावी. माणूस निरोगी राहिला तर डॉक्टरचा तोटा होऊ नये, एवढी तरी सोय हवी.

डॉक्टर मंडळींना विनंती: नोंद ठेवा. पेशंटच्या हातात एक वही द्या. तीत निदान, औषधाचे मूळ नाव, मात्रा आणि कधी बंद करायचे ते लिहा. तज्ज्ञाकडे पाठवताना चार ओळींची चिठ्ठी द्या आणि त्यांच्याकडून उलट चिठ्ठी मागा. एकट्याने सकाळ-संध्याकाळ दवाखाना चालवून थकलेल्या तीन डॉक्टरांनी एकत्र येऊन एक दवाखाना चालवावा. त्यातल्या एक बाई असाव्यात, म्हणजे बायका मोकळेपणी बोलतील. सुट्टीही मिळेल आणि नोंदही एकाच जागी राहील.

आणि आपण? आपण घरच्या सगळ्यांनी बसून एक डॉक्टर ठरवावा. ठरवताना पाहायचे ते एवढेच: तो ऐकून घेतो का, हात लावून तपासतो का, ‘मला खात्री नाही, पुढे पाठवतो’ असे म्हणू शकतो का, आणि पुढच्या वर्षीही इथेच असणार आहे का. ठरला की उगाच बदलू नये. धडधाकट असताना एकदा घरातल्या चाळिशीपुढच्या सर्वांना घेऊन त्याच्याकडे जावे, सगळ्या गोळ्यांची पिशवी सोबत न्यावी, दाब आणि साखर मोजून घ्यावी, आणि त्याने एकही औषध लिहिले नाही तरी पूर्ण फी द्यावी. ती फी त्याच्या वेळेची, त्याच्या लक्षात राहण्याची आणि पुढच्या वीस वर्षांच्या जबाबदारीची आहे. आपल्या वस्तीत उद्या असा डॉक्टर बसेल की नाही, हे आज आपण ती फी कोणत्या मनाने देतो यावर ठरणार आहे.